कवटीवरून चेहरा घडवताना डोळा नेमका कुठं बसवायचा? (बेळगाव, खानापूर, निपाणीकरांनी जरूर लिहा)

मार्कंडेयकाठ (धागा सुरू)

बेवारस कवटी सापडली आणि तिच्यावरून चेहरा घडवायचं ठरलं, की नाक कसं असेल यावर सगळे तावातावानं बोलतात. डोळ्याबद्दल मात्र "तो काय, खोबणीत मधोमध बसवायचा" असं म्हणून पुढं जातात. मी बेळगावात शरीररचनाशास्त्र शिकवते, सुक्या कवट्या रोज हातात असतात. घरच्या माणसाला चेहरा ओळखीचा वाटतो तो आधी डोळ्यांवरून, आणि नेमकं तिथंच आपण अंदाजावर काम करतो. अंदाजाची गरज नाही, मापं आहेत. फक्त ती आपल्या भागातल्या माणसांची नाहीत. ती गोळा करता येतील का, हे विचारायला हा धागा काढलाय.

आधी खोबण बघू. सात हाडं मिळून ती बनते: कपाळाचं, गालाचं, वरच्या जबड्याचं, स्फेनॉइड, एथमॉइड, नाकाजवळचं इवलंसं लॅक्रिमल आणि खूप आत टाळूच्या हाडाचा एक तुकडा. आडव्या धरलेल्या नरसाळ्यासारखी ती मागं निमुळती होत जाते. तोंडाशी रुंदी साधारण ४० मिमी, उंची ३५ मिमीच्या आसपास. आतली जागा सुमारे ३० मिलिलिटर आणि डोळ्याचा गोळा जेमतेम ७ मिलिलिटरचा. बाकी सगळी चरबी, स्नायू, नसा, अश्रुग्रंथी. हे मऊ भाग कवटीत उरत नाहीत. मग २४ मिमी व्यासाचा गोळा ४० मिमीच्या तोंडात नक्की कुठं होता, हे हाडावरून शोधायचं.

जुने नियम दोन. पहिला: गोळा खोबणीच्या मध्यावर. दुसरा: वरच्या कडेच्या मध्यापासून खालच्या कडेच्या मध्यापर्यंत सरळ रेषा धरा, कॉर्नियाचं (बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याचं) टोक त्या रेषेला टेकलं पाहिजे. दोन्ही नियम वर्षानुवर्षं शिकवले गेले आणि दोन्ही मोजणीत टिकले नाहीत. ऑस्ट्रेलियन संशोधक कार्ल स्टीफन यांनी २००२ मध्ये दाखवलं की दवाखान्यात जिवंत माणसांच्या डोळ्यांचा पुढावा मोजलेला आहे, त्या आकड्यांशी हा रेषेचा नियम जुळतच नाही. डोळा त्या नियमापेक्षा सुमारे ४ मिमी पुढं असतो. २००३ मध्ये विल्किन्सन आणि माउटनर यांनी जिवंत माणसांच्या एमआरआयवर तेच पाहिलं: ती रेषा बुबुळाच्या पातळीला लागते, कॉर्निया तिच्या पुढं येतो. पुढं २००८ आणि २००९ मध्ये स्टीफन आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांवर मोजलं, तेव्हा गोळा मध्यापासून १ ते २ मिमी वरच्या आणि बाहेरच्या भिंतीकडं सरकलेला निघाला. २०१२ मध्ये फ्रान्समधल्या ३७५ जिवंत प्रौढांच्या सीटीवरूनही हीच दिशा पक्की झाली. व्हिटनॉल नावाच्या शरीररचनाकारानं खोबणीवरच्या ग्रंथात हे १९२१ मध्येच लिहून ठेवलं होतं, पण चेहरा घडवणाऱ्यांनी ते उचललं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

चार मिमी म्हणजे किती, असं कुणी विचारेल. डोळा चार मिमी आत ढकलला की तिशीतला माणूस आजारातून उठल्यासारखा दिसतो. आई त्या चेहऱ्याकडं बघून "हा माझा नव्हे" म्हणेल आणि तपास तिथंच थांबेल.

शाडूमाती_शहापूर

ताई, चांगला विषय. आम्ही पिढीजात गणपती करणारे. मूर्तीचे डोळे शेवटी आखायचे, आणि ते नजरेनंच. माणसाच्या कवटीवर काम करायचं तर तसं चालणार नाही हे कळतंय. पण सांगा, माती चढवताना आमच्यासारख्या माणसाच्या बोटाला सापडेल अशी खूण हाडावर आहे का? मिमी कागदावर बरे वाटतात, मातीत ते धरायला काहीतरी लागतं.

मार्कंडेयकाठ

@शाडूमाती_शहापूर दादा, आहे की! दोन आहेत.

बाहेरच्या कोपऱ्यासाठी: खोबणीच्या बाहेरच्या कडेच्या किंचित आत, गालाच्या हाडावर बोटाचं टोक फिरवा. कपाळाचं आणि गालाचं हाड जिथं सांधतं तिथून साधारण १० मिमी खाली एक बारीक उंचवटा लागतो. त्याला व्हिटनॉलचा उंचवटा म्हणतात. बहुतेक कवट्यांत तो असतो, काहींत डोळ्याला दिसत नाही पण बोटाला लागतो. पापण्यांचा बाहेरचा बंध तिथं बांधलेला असतो. म्हणजे डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याची उंची तिथून मिळते.

आतल्या कोपऱ्यासाठी: नाकाच्या बाजूला अश्रुपिशवीची खाच असते, तिच्या पुढची धार धरा. आतला बंध तिथं येतो.

आता कोपरे हाडाला चिकटवायचे नाहीत, नवशिके तिथंच फसतात. स्टीफन आणि डेव्हिडसन यांच्या मोजणीत दोन्ही कोपरे आपापल्या हाडाच्या कडेपासून साधारण साडेचार ते पाच मिमी आत आले. बऱ्याच लोकांत बाहेरचा कोपरा आतल्यापेक्षा थोडा वर असतो, तेव्हा दोन्ही एका आडव्या रेषेत ठेवू नका. हाड सांगेल तसं करा.

गोळा २४ मिमीचा घ्या, प्रौढात तो फार बदलत नाही. बुबुळ १२ मिमीच्या आतबाहेर. सरळ बघताना वरची पापणी बुबुळावर एक-दोन मिमी उतरते, खालची बुबुळाच्या खालच्या कडेला टेकते. पापणीची घडी, भुवयांचे केस, डोळ्याखालची सूज यातलं काही हाड सांगत नाही. तिथं हात सौम्य ठेवायचा, ठसठशीत काही करायचं नाही. वय जास्त वाटत असेल तर आणखी एक लक्षात असू द्या: म्हातारपणी खोबणीतली चरबी आटते आणि कडेचं हाडही झिजतं, विशेषतः खालच्या-बाहेरच्या बाजूला.

निवृत्त_खानापूर

पोलीस खात्यात नोकरी झाली, बरीच वर्षं जंगल पट्ट्यात. मॅडमनी लिहिलेलं खरं आहे. आमच्याकडं बॉडी मिळते ती मलप्रभेत, नाल्यात, नाहीतर घाटाच्या खाली. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात तर घटप्रभा, मार्कंडेय, कृष्णा सगळ्या एकदम चढल्या होत्या. पाण्यातल्या बॉडीचं काय होतंय ते सांगतो. पापण्या आणि डोळे मासे-खेकडे आधी खातात. बॉडी फुगलेली असली तर डोळे बाहेर आलेले असतात. तो फोटो गावोगाव दाखवला तर सख्खा भाऊ ओळखत नाही, आणि ओळखला तर भलत्यालाच. म्हणून मी म्हणतो, बॉडी अशी असली तर त्या फोटोच्या मागं फार लागू नका, कपडे, चप्पल, गोंदण, दात, कडदोरा हे बघा. चेहरा घडवायची पाळी त्याच्यानंतर.

दुसरं आमच्या बॉर्डरचं दुखणं. माणूस हरवतो चंदगड, गडहिंग्लजकडं, मिसिंग नोंद होते तिकडं मराठीत. बॉडी मिळते इकडं, यूडीआर (अनैसर्गिक मृत्यूची नोंद) होतोय कन्नडमध्ये. आता कॉम्प्युटर सगळा एक झालाय म्हणतात, तरी उंची, वय, अंगावरचे कपडे दोन्हीकडं सारखे लिहिले नाहीत तर जुळायचं कसं? घडवलेला चेहरा असला तर भाषा आड येत नाही. दोन्हीकडच्या ठाण्यात भिंतीवर लावा. म्हणून हे काम झालं पाहिजे.

काळाकोट_बेळगाव

उत्साह समजतो, पण कायद्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी. अनैसर्गिक मृत्यूची चौकशी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम १७४ खाली व्हायची, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. तिथं मृताची ओळख पटवावी लागते, आणि मातीचा चेहरा ओळख पटवत नाही. तो फक्त "याला ओळखता का?" असा प्रश्न लोकांपुढं ठेवतो. उत्तर आलं की पुढं डीएनए, दात, जुने एक्स-रे यांनी सिद्ध करायचं.

याचं चांगलं उदाहरण वेल्समधलं आहे. १९८९ मध्ये कार्डिफमध्ये गालिच्यात गुंडाळलेला सांगाडा मिळाला. रिचर्ड नीव्ह यांनी कवटीवर चेहरा घडवला, तो प्रसिद्ध झाल्यावर ती कॅरन प्राइस नावाची मुलगी असल्याचं ओळखीच्यांनी सांगितलं. पण कोर्टापुढं गेलं ते दातांचं आणि डीएनएचं काम.

कवटी आणि फोटो एकमेकांवर ठेवून जुळवणं ही वेगळी पद्धत. ती इंग्लंडमधल्या १९३५ च्या बक रक्स्टन खून प्रकरणात गाजली. आपल्याकडंही तामिळनाडूतल्या ऑटो शंकर खटल्यात असा पुरावा आला आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९४ चा आहे. तिथंही हा पुरावा एकटा उभा नव्हता. तेव्हा मॅडम, तुम्ही मिमीवर जीव टाकताय ते ठीक, पण कुणी घडवलेल्या चेहऱ्यावरून थेट माणूस ठरवायला निघालं तर मी विरोधात उभा राहीन.

मार्कंडेयकाठ

@काळाकोट_बेळगाव सर, यात माझं तुमच्याशी पूर्ण एकमत आहे. तुम्ही दिलेल्या उदाहरणातच माझंही म्हणणं आहे. ओळखीच्यांनी नाव सांगितलं नसतं तर डीएनए कुणाशी ताडून बघितला असता? चेहरा ते पहिलं दार उघडतो. म्हणून तो जितका हाडाला धरून असेल तितका बरा.

आणि फोटो जुळवणीत तर डोळ्याच्या कोपऱ्यांची जागा आणखी महत्त्वाची. फोटोतला बाहेरचा कोपरा कवटीवरच्या व्हिटनॉलच्या उंचवट्याशी, आतला अश्रुपिशवीच्या खाचेशी बसतो का, हे बघितलं जातं. कोपरा हाडाच्या किती आत असायला हवा हेच ठाऊक नसेल तर जुळलं काय आणि न जुळलं काय, कशालाच अर्थ राहत नाही.

चष्मा_टिळकवाडी

मी नेत्रतपासणीचं काम करते. डोळ्याचा पुढावा मोजायला आमच्याकडं हर्टेलचं एक्सोफ्थॅल्मोमीटर असतं. दोन्ही बाजूंच्या खोबणीच्या बाहेरच्या कडेवर टेकवायचं आणि आरशातून कॉर्नियाचं टोक कितव्या मिमीवर दिसतंय ते वाचायचं. प्रौढांत साधारण १६ मिमीच्या आसपास येतं, माणसागणिक चार-पाच मिमी कमीजास्त. दोन डोळ्यांत २ मिमीपर्यंत फरक असला तर आम्ही तो आजार धरत नाही.

इथं एक सांगावंसं वाटतं. हाडावरून सरासरी मिळेल, पण थायरॉइडमुळं बाहेर आलेला डोळा कळणार नाही. मोठा उणे नंबर असलेला डोळा मुळातच लांब असतो, एका मिमीला साधारण अडीच-तीन नंबर. तेही हाड सांगत नाही. शिवाय हर्टेलनं आम्ही बसलेल्या माणसाचं मोजतो, सीटी झोपवून काढतात, आणि झोपल्यावर डोळा किंचित मागं जातो. दोन्ही आकडे एका तक्त्यात घातले तर घोळ होईल.

मार्कंडेयकाठ

अगदी! मृतदेहावर मोजताना तर आणखी अडचण: मृत्यूनंतर डोळ्यातला दाब उतरतो, गोळा मऊ पडतो, आत जातो. दान केलेला देह फॉर्मॅलिनमध्ये ठेवला की चरबीही आकसते. म्हणून मृतदेहावरचं माप गोळ्याच्या जागेसाठी जपून वापरायचं. हाडांवरच्या खुणा आणि बंध कुठं बांधलेत हे बघायला मात्र मृतदेहासारखं दुसरं काही नाही.

देहदानाचा विषय निघालाय तर सांगते. आपल्या जिल्ह्यात ही चळवळ चांगली रुजलेली आहे. २०१० मध्ये डॉ. महांतेश रामण्णवर यांनी वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्याच देहाचं विच्छेदन बेळगावात विद्यार्थ्यांसमोर केलं होतं. अशा माणसांमुळं आमचे विद्यार्थी शिकतात. त्यांच्या देहाचं माप घेताना दोनदा-तीनदा मोजायचा कंटाळा करू नये, असं मी वर्गात नेहमी सांगते.

स्कॅन_चिकोडी

सीटी टेक्निशियन. सायनससाठी आणि बाइक अपघातानंतर डोक्याचे सीटी रोज होतात, त्यात दोन्ही खोबणी पूर्ण येतात. मापं त्यातून मिळतील का? अडचण एवढीच की रिपोर्टसाठी ५ मिमीचे जाड काप ठेवतात आणि बारीक कापांचा मूळ डेटा काही दिवसांनी पुसला जातो.

मार्कंडेयकाठ

@स्कॅन_चिकोडी ५ मिमीच्या कापात व्हिटनॉलचा उंचवटा गायबच होईल. आपण भांडतोय एक-दोन मिमीवरून, तेव्हा काप १ मिमी किंवा त्याहून पातळ हवेत. मूळ डायकॉम फाइल (स्कॅन मशीन जी साठवतं ती) हवी, स्क्रीनचा फोटो नको. थ्रीडी स्लायसर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सगळं मोजता येतं.

माझ्या मनातली रीत अशी. प्रत्येक कवटी आधी फ्रँकफर्ट पातळीत आणायची: कानाच्या छिद्राची वरची कड आणि खोबणीच्या खालच्या कडेचा सगळ्यात खालचा बिंदू एका आडव्या पातळीत. १८८४ पासून जगभर हेच धरतात, आपणही तेच धरलं तर आपली मापं इतरांशी ताडता येतील. मग खोबणीची रुंदी, उंची, बाहेरच्या कडेपासून कॉर्नियाचा पुढावा, गोळ्याच्या केंद्राचं चारही भिंतींपासून अंतर. उजवी-डावी वेगळी लिहायची, सरासरी काढून एक करायची नाही. वय आणि लिंगाची नोंद हवीच. बायकांच्या खोबणीची वरची कड धारदार आणि तोंड गोलसर, पुरुषांची कड बोथट आणि तोंड चौकोनी, असा साधारण कल असतो.

सगळ्यात महत्त्वाचं: एकच खोबण दोन माणसांनी एकमेकांचे आकडे न बघता मोजायची, आणि त्यातल्या प्रत्येकानं काही दिवसांनी पुन्हा. मोजणाऱ्यांतलाच फरक २ मिमी येत असेल तर डोळा १ मिमी वर असतो हे आपण कुठल्या तोंडानं सांगणार?

ज्यांचं खोबणीचं हाड मोडलेलं आहे, डोळ्याचं ऑपरेशन किंवा थायरॉइडचा आजार झालाय, ते वगळायचे. नावं काढून टाकायची. आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आल्याशिवाय एकही फाइल उघडायची नाही. मापासाठी म्हणून कुणाला मुद्दाम सीटीत घालायचं नाही, दुसऱ्या कारणानं आधीच काढलेलेच वापरायचे.

शाडूमाती_शहापूर

मोजमाप तुम्ही करा ताई, तोवर मी प्लॅस्टरच्या कवटीवर तुमच्या आकड्यांनी एक डोळा आणि जुन्या नियमानं दुसरा बसवून बघतो. शेजारी शेजारी दिसले की माझ्या पोरांनाही कळेल.

वेदगंगा_निपाणी

मी इथं कधी लिहीत नाही, फक्त वाचते. माझा भाऊ घरातून गेला तो आला नाही. मिसिंग दिलेली आहे. आम्ही त्याचा एक मोबाइलचा फोटो सगळीकडं दिलाय. वरचं वाचून वाटलं, तो फोटो तुमच्या या कामाला चालेल का? आणखी काय द्यायला पाहिजे? आई रोज विचारते.

निवृत्त_खानापूर

ताई, मिसिंगचा नंबर आणि तारीख जपून ठेवा. तुमच्या ठाण्यात जाऊन विचारा, कोल्हापूर जिल्ह्याच्या ठाण्यांना कळवलंय काय म्हणून. नसलं तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अंगावरचे कपडे, चप्पल, जुनी जखम, घातलेलं हाड, सगळं लिहून द्या, कन्नडमध्ये पण एक प्रत करा. लिहून द्यायला माणूस नसला तर मला इथं निरोप टाका, मी करून देतो.

मार्कंडेयकाठ

ताई, तुमचा भाऊ सुखरूप असो आणि यातलं काही लागू नये. तरीही तयारी असू द्यावी म्हणून सांगते.

हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि चेहऱ्याच्या कडा मागं गेलेल्या दिसतात, डोळ्यांचं प्रमाणही फसवं येतं. लांबून काढलेला समोरचा फोटो शोधा: लग्नातला, शाळेतला, ओळखपत्राचा. हसताना दात दिसणारा एक वेगळा. फिल्टर लावलेला नको. व्हॉट्सअॅपवरून आलेला शक्यतो नको, मूळ फाइल ज्याच्या फोनमध्ये आहे त्याच्याकडून घ्या.

त्याचा कधी डोक्याचा किंवा सायनसचा सीटी झाला होता का? दाताचा मोठा एक्स-रे? कपाळातल्या सायनसचा आकार प्रत्येकाचा वेगळा असतो, ओळख पटवायला तो घडवलेल्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी भक्कम. डॉक्टरांकडं जुनी फिल्म असली तर ती आजच मागून घ्या. आणि गरज पडलीच तर आईचा डीएनए नमुना पोलिसांमार्फत देता येतो, हे आईला आत्ताच सांगायची गरज नाही.

वेदगंगा_निपाणी

सीटी नाही. दाताचा एक्स-रे झाला होता, दवाखाना माहीत आहे, उद्याच जाते. तो चष्मा लावायचा, लहानपणापासून. फोटोत सगळीकडं चष्माच आहे. त्याची अडचण होईल का?

चष्मा_टिळकवाडी

ताई, अडचण कसली, चष्म्याचा उपयोगच होईल. जिथून चष्मा केला त्या दुकानात जुना नंबर आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर लिहिलेलं असण्याची शक्यता आहे. त्या कागदाची प्रत घ्या. घरात त्याचा जुना चष्मा असेल तर टाकून देऊ नका, काचा न पुसता डबीत ठेवा. नंबराच्या चष्म्याच्या दोन्ही काचांचे मध्यबिंदू आम्ही लेन्सोमीटरवर काढतो, त्यांच्यातलं अंतर बाहुल्यांच्या अंतराच्या जवळ असतं. प्रौढांत ते ६३ मिमीच्या आसपास येतं, पण प्रत्येकाचं वेगळं.

@मार्कंडेयकाठ मॅडम, सांगाड्याजवळ चष्मा मिळाला तर हे तुमच्याही कामाचं आहे ना? घडवलेल्या चेहऱ्यातल्या दोन डोळ्यांचं अंतर त्याच्याशी ताडता येईल.

मार्कंडेयकाठ

हो, आणि नंबर मोठा उणे असेल तर गोळा २४ मिमीचा न घेता लांब घ्यायला कारण मिळतं. रस्त्यावर मिळणारा तयार वाचायचा चष्मा मात्र यात धरायचा नाही, त्याच्या काचांचे मध्यबिंदू माणसाच्या मापाचे नसतात. तुम्ही लेन्सोमीटरचं काम बघाल का? मी परवानगीचा अर्ज मराठी आणि इंग्रजीत लिहायला घेतलाय, कन्नड संमतीपत्रासाठी कुणीतरी हवं आहे. @स्कॅन_चिकोडी, मूळ डेटा पुसायच्या आधी किती दिवस राहतो ते तुमच्या सेंटरमध्ये विचारून इथं लिहा.

स्कॅन_चिकोडी

उद्या विचारतो. कन्नडचं माझी बायको बघेल, हायस्कूलला कन्नडच शिकवते.